दोन पिंपं बिटाची, एक उसाचं

नबवियाच्या तोंडी लागू नकोस, असं आमच्या पाव फुगवायच्या खमिराच्या कारखान्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावतात. खोटं नाही ते. बाई अंगानं काडी, पण आवाज असा की टाक्यांचे पंप धडधडत असतानाही पलीकडच्या कालव्यावर मासे धरणाऱ्यानं मान वर करावी. एकोणिसाव्या वर्षी ती इथं काचा धुवायला लागली. लॅबच्या मागच्या मोरीत दिवसभर बाटल्या घासायच्या, एवढंच काम. मग मायक्रोस्कोपखाली पेशी मोजणारी बाई बाळंतपणाला गेली आणि नबवियाला त्या खुर्चीवर बसवलं, तात्पुरतं. त्या तात्पुरत्याला तेहेतीस वर्षं झाली. ते बाळ आता बंदरावर क्रेन चालवतं.

खमिराबद्दल ती बोलायची ते घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. "खमीर म्हणजे सासुरवाशीण नव्हे, पुढ्यात येईल ते गिळून गप्प बसायला," असं नव्या मुलींना सांगायची. "साखर एकदम ओतलीत की माजतं. वाढायचं सोडून दारू गाळत बसतं. हात आखडून, थेंबाथेंबानं दिलीत तर इमानानं वाढतं. मुकाट्यानं काही करत नाही ते. काय मिळालं, किती मिळालं, सगळ्याचा हिशेब तुमच्या तोंडावर मारतं."

खाली टाक्यांवर होता उस्ता फतूह. कारागीर माणूस, म्हणून सगळे त्याला उस्ताच म्हणायचे. सव्वीस वर्षं तीन नंबरची टाकी त्याच्याकडे. टाकी धुवायला नळ्या होत्या, सोड्याचं गरम पाणी होतं, पण नळ्यांवर त्याचा भरवसा नव्हता. धुऊन झालं की दिवा घेऊन स्वतः शिडीनं आत उतरायचा, पत्र्यावरून तळवा फिरवायचा आणि तळवा हुंगायचा. वाटलं तर पुन्हा धुवायला लावायचा. त्याच्या हाताखालचे लोक कंटाळून म्हणायचे, "उस्ता, या टाकीत तू सुनेचं बाळंतपण करणार आहेस का?" लिहिणं-वाचणं त्याला येत नव्हतं. सहीच्या जागी मारायला नावाचा पितळी शिक्का होता, तो गळ्यात दोरीला बांधलेला असायचा.

टाकीत मळी, म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक, घालायची ती दोन पिंपं बिटाची आणि एक पिंप उसाची. ग्रीक मालक होता तेव्हापासूनची ही रीत. मालक गेला, सरकार आलं, रीत राहिली. का, ते मात्र कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

त्या वर्षी शहीर नावाचा इंजिनियर नवा आला. कडक इस्त्री, कडक बोलणं. आल्या-आल्या त्यानं दोन्ही मळ्या तपासल्या. साखर दोन्हीत सारखीच. उसाच्या मळीला परदेशात गिऱ्हाईक होतं, मग ती इथं टाकीत कशाला ओतायची? हुकूम निघाला, यापुढे सगळी मळी बिटाची.

फतूह हात पुसत त्याच्यापुढे उभा राहिला. "साहेब, उसाचं एक पिंप तरी राहू द्या."

"का?"

"असंच करत आलोय."

"असंच हे कारण नसतं, उस्ता. साखर ती साखर. उसाची काय जास्त गोड असते?"

सगळे हसले. फतूहही कसनुसा हसला. आता तुम्हीच सांगा, 'असंच' हे कारण नसतं हे मान्य. पण कारण आपल्याला ठाऊक नाही म्हणजे ते नाहीच, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात? पन्नास वर्षं माणसं एक गोष्ट करत आली, तर थांबून विचारावं की नाही? पण विचारलं की इस्त्री मोडते ना!

पहिली खेप बरी उतरली. शहीर कारखानाभर छाती काढून फिरला. दुसऱ्या खेपेला खमीर चार-पाच तास वाढलं आणि मग रेंगाळलं. तिसऱ्या खेपेला टाकीत साखर तशीच पडून राहिली आणि खमीर काही वाढेना. जे निघालं तेही पावभट्टीवाल्यांकडे गेलं आणि परत आलं. कणीक दगडासारखी बसली म्हणे. पावासाठी रांगेत उभी माणसं भट्टीवाल्याच्या अंगावर धावून गेली. मुख्य कचेरीतून पत्र आलं की दोष कुणाचा ते कळवा.

दोष कुणाचा! शहीरला ते कळवायला एक दिवससुद्धा लागला नाही. तीन नंबरची टाकी नीट धुतली नाही, आत परके जंतू शिरले, दोष उस्ता फतूहचा. फतूहला त्याच दिवशी घरी बसवलं आणि पंधरा दिवसांनी चौकशी कमिटी बसायची ठरली. कमिटीनं शिक्कामोर्तब केलं की नोकरी गेली. सव्वीस वर्षांच्या दाखल्यावर एकच गोष्ट राहणार होती, घाणेरडेपणामुळे काढला.

चार-पाच दिवसांनी शहीर लॅबमध्ये आला तो कोरा तक्ता घेऊनच. "नबवियाबाई, यात भरा. जंतू आढळले."

"दिसले तर भरीन."

"नीट बघा म्हणजे दिसतील."

"साहेब, तिन्ही खेपांचे नमुने बघितलेत मी. नुसतं खमीर आहे. बारीक, वाळलेलं, दहातल्या एकालासुद्धा वाढीची कळी फुटलेली नाही. उपाशी पोरांसारखं दिसतंय. या, तुम्हीच डोळा लावा. एक जंतू दाखवा, मी दहा लिहिते."

शहीरनं डोळा लावला नाही. त्यानं फाईल उघडून एक कागद तिच्यापुढे धरला. "आरोपीनं स्वतः कबूल केलंय, बाई. शिक्का बघा. तुम्ही कुणासाठी भांडताय?"

शिक्का फतूहचाच होता. नबवियानं तो डोळ्यांजवळ धरून बघितला. तिनं तक्ता मात्र भरला नाही. सुटी झाल्यावर घरी न जाता तडक ट्राम धरली आणि कर्मूझ वस्तीतल्या बोळात फतूहच्या दारात जाऊन उभी राहिली.

उस्ता उंबऱ्यावर बसला होता, दाढी वाढलेली. तिनं सलामसुद्धा केला नाही.

"कबूल केलंस? तोंड नव्हतं तुला? सव्वीस वर्षं हात हुंगलास आणि शेवटी म्हणालास टाकी घाण ठेवली?"

"मी?" फतूह उठूनच उभा राहिला. "मी कुठं काय कबूल केलं, बाई?"

"मग कागदावर शिक्का काय सैतानानं मारला?"

तो डोकं खाजवत राहिला. "कागद तर महिन्याला पाच-सात येतात. बुटांचा, दुधाचा, रजेचा. ते बोट ठेवतात, मी शिक्का मारतो."

"न वाचता? अरे गाढवा!"

"वाचता आलं असतं तर शिक्का कशाला बाळगला असता, बाई?"

नबविया उंबऱ्यावर टेकली. आतून त्याच्या बायकोनं चहा आणला. रागात असली की नबविया चहाला शिवत नाही. तो तसाच निवला. मग फतूह हळूच म्हणाला, "चहाच्या दुकानात जात नाही मी हल्ली. काल नात विचारत होती, आजोबा, तुम्ही टाकी धुवत नव्हता का? शाळेत कुणीतरी बोललंय तिला. नोकरीचं काय, गेली तर गेली. पण हे मी काय सांगू तिला?"

"काही सांगू नकोस. तिला म्हणावं, नबविया जिवंत आहे अजून."

बोलून गेली खरी, पण हातात होतं काय? दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये मुलींनी नेहमीसारखी न्याहारी मांडली. भाकरी, आणि वाटीत काकवीवर ओतलेली तिळाची ताहिनी. नबविया भाकरीचा तुकडा हातात धरून नुसतीच बसली. मनात शहीरला शिव्या चालल्या होत्या. साखर ती साखर म्हणे! उसाची काय जास्त गोड असते म्हणे! आणि शिव्या देता-देता तिची नजर वाटीवर गेली. काकवी उसाचीच की! आणि मळी तरी काय, त्याच उसाच्या रसातलं खाली उरलेलं.

"वाटी इकडे आण," ती ओरडली. "आणि बिनाताहिनीची काकवी कुणाच्या डब्यात आहे?"

मुलींना वाटलं बाईंना भूक लागली. तिनं दोन चंबू घेतले. दोन्हीत बिटाची मळी, दोन्हीत तिसऱ्या खेपेतलं तेच मरगळलेलं खमीर. एकात चमचाभर काकवी घातली. मग थांबली. कारण शहीर काय म्हणणार ते तिला तोंडपाठ होतं, साखर वाढली म्हणून खमीर वाढलं. म्हणून काकवीत जेवढी साखर तेवढी पांढरी साखर तोलून दुसऱ्या चंबूत घातली. आता बोल म्हणावं!

दुपारच्या अजानपर्यंत काही कळेना. अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, अजानला काकवीच्या चंबूवर फेस चढला होता आणि साखरेचा चंबू मख्ख. तिनं थेंब घेऊन मोजलं. एकीकडे साऱ्या पेशींना कळ्या फुटलेल्या, दुसरीकडे पेशी एक तृतीयांशच आणि तीच वाळकी पोरं. तिनं पुन्हा मोजलं. दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून केलं, तिसऱ्या दिवशी आणखी एकदा. तिन्ही वेळा तेच.

शहीरला बोलावलं तर तो दारातूनच म्हणाला, "न्याहारीच्या वाटीतून शास्त्र काढता का आता? आणि लॅबमध्ये काकवी आली कशी? ओता ते मोरीत."

"ओतते. आधी डोळा लावा."

"मी सांगतोय ओता!"

त्यानं शिपायाकडून ओतून घेतलं. तिच्या समोर. अहो, माणूस चुकतो, मी समजू शकतो. पण समोर दोन चंबू ठेवलेत, मान एक वीत खाली घातली तर कळणार आहे, आणि मान खाली घालायची नाही म्हणून दुसऱ्याची मान कापायची? याला चूक म्हणत नाहीत. याला आमच्याकडे जे म्हणतात ते इथं लिहिता येत नाही.

नबवियानं टाकीतले आणि चंबूंतले नमुने आधीच बर्फात गाडून ठेवले होते. त्यातला टाकीचा एक आणि स्वतः केलेल्या काकवीच्या खमिराचा एक, अशा दोन बाटल्या तिनं बर्फाच्या डब्यात घातल्या आणि विद्यापीठात डॉक्टर इस्मतकडे गेली. ही इस्मत शिकत होती तेव्हा चार महिने आमच्या कारखान्यात काढून गेली होती, पेशी मोजायला तिला नबवियानंच शिकवलं होतं, दोनदा रडवून.

इस्मतनं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "मावशी, नुसत्या बिटावर चालवलं? बायोटिन कुठून मिळणार त्याला?"

"ते काय असतं?"

"जीवनसत्त्व. चिमूटभराच्या हजाराव्या हिश्श्याएवढं लागतं, पण लागतंच. उसात भरपूर, बिटात जवळजवळ नाही. पहिल्या खेपेचं खमीर जुन्या शिदोरीवर वाढलं. पुढच्या खेपांना विरजण त्याचंच; एका पेशीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, शिदोरी वाटली गेली आणि संपली. मग समोर साखरेचा डोंगर असला तरी काय उपयोग?"

"म्हणजे भरल्या ताटावर उपाशी."

"हो. आणि ते गप्प बसत नाही. आत हजारो जनुकं असतात ना, प्रत्येक एका कामाची आज्ञा. काय मिळतंय ते बघून पेशी काही आज्ञा चालू करते, काही बंद. साखर फार झाली की श्वास घ्यायच्या यंत्रांची आज्ञा बंद करते, म्हणून ते दारू करतं. तुम्ही मला हे शिकवलंत तेव्हा कारण तुम्हाला ठाऊक नव्हतं, एवढंच. बायोटिन मिळेना की ते आत ओढून घ्यायचा जो दरवाजा, त्याची आज्ञा जोरात चालू करते. दारंच दारं बसवते. त्या आज्ञा मला मोजता येतात."

"मग मोज. परके जंतू होते की भूक होती, खमिराच्याच तोंडून वदवून घे."

चार दिवसांनी इस्मतनं एकपानी अहवाल हातात ठेवला. टाकीतल्या खमिरात त्या दरवाजाची आज्ञा कितीतरी पटींनी वाढलेली होती. काकवीच्या खमिरात नेहमीएवढीच. परका जंतू एकही नाही.

दुसऱ्याच दिवशी कमिटी होती. मुख्य कचेरीचे बडे साहेब हिल्मी बे अध्यक्ष, जाडजूड माणूस, पुढ्यात कॉफी. एका बाजूला शहीर, दुसऱ्या बाजूला कारकून. भिंतीशी फतूह उभा, दाढी करून, धुतलेल्या पायघोळ गलाबियात. नबवियानं अहवाल ठेवला, स्वतःच्या मोजणीचे तीन तक्ते ठेवले आणि न थांबता सगळं सांगितलं. हिल्मी बेंनी अहवाल दोनदा वाचला. मूर्ख नव्हते ते.

"म्हणजे मळीचा दोष," ते म्हणाले. "ठीक. लिहून घ्या. कच्च्या मालातली उणीव इंजिनियर शहीर यांच्या देखरेखीखाली शोधण्यात आली. उसाची मळी पुन्हा सुरू करावी."

"कुणाच्या देखरेखीखाली?" नबविया किंचाळली.

"बाई, बसा. आणि कामगार फतूह यांना समज देऊन माफ करण्यात येत आहे."

"माफ? कशाबद्दल माफ?"

"त्याची कबुली फाईलला लागलीय. फाईलला लागलेला कागद मला काढता येत नाही. कामावर घेतोय ना त्याला? झालं गेलं नाईलला मिळालं."

"मग तो कागद वाचून दाखवा त्याला. आजपर्यंत कुणी वाचून दाखवलेला नाही. शिक्का त्याचा आहे, त्याला ऐकू तरी द्या."

हिल्मी बेंनी वैतागून हात हलवला. कारकुनानं वाचलं, "मी, फतूह अब्दुलबारी, कबूल करतो की आळसामुळे मी टाकी क्रमांक तीन न धुता घाणेरडी ठेवली, व त्याबद्दल मला पश्चात्ताप होत आहे. रविवार, तारीख सात."

फतूह पुढे आला. "रविवार, सात तारीख?"

"हो."

"त्या दिवशी साहेबांनी मला स्टोअरच्या खिडकीशी बोलावलं होतं." त्यानं शहीरकडे बोट केलं नाही, नुसती मान वळवली. "म्हणाले, साबणाचा कागद आहे, चार वड्या मिळतील, शिक्का मार."

शहीर म्हणाला, "गोंधळ होतोय त्याचा. वय झालं."

"शिक्का माझा आहे," फतूह म्हणाला. "बोलणं माझं नाही."

हिल्मी बेंनी कॉफीचा कप सरकवला. "बरं बरं, उस्ता. तुला कामावर घेतलंय, माफ केलंय. आता आणखी काय हवंय तुला?"

"साबण."

"काय?"

"चार वड्या. त्या कागदावर शिक्का मारला, साबण मिळाला नाही. एक तर साबण द्या, नाहीतर माझा कागद परत द्या."

हिल्मी बेंनी शहीरकडे बघितलं. शहीरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग ज्या फाईलमधून कागद काढता येत नव्हता, त्या फाईलची टाचणी हिल्मी बेंनी स्वतःच्या नखानं उपसली आणि कागद टेबलावरून पुढे सरकवला.

फतूहनं तो उचलला. कुणाचे आभार मानले नाहीत. बाहेर व्हरांड्यात येऊन त्यानं कागद नबवियाच्या हातात दिला.

"पुन्हा वाच, बाई. हळू."

ती वाचायला लागली. 'घाणेरडी' आलं तसं त्यानं तिला थांबवलं.

"हा शब्द कुठला? दाखव."

तिनं बोट ठेवलं. फतूहनं कागद उजेडात धरला आणि त्या चार अक्षरांकडे डोळे बारीक करून बघत राहिला, पुन्हा कुठं दिसली तर ओळखता यावीत म्हणून. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात त्याला वाचता आलेला हा पहिला शब्द.

मग त्यानं कागदाचे तुकडे केले, खिशात घातले, आणि टाकी धुवायला गेला.